जमीन आधी वाचू द्या

प्रति,
महाराष्ट्रातल्या सर्व २९ महापालिकांचे आयुक्त

महोदय / महोदया,



मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे. सव्वीस वर्षं हे काम करते आहे आणि गेली अकरा वर्षं आठवड्यातले दोन दिवस शिकवते. या पत्राला निमित्त झालं ते माझ्या एका विद्यार्थिनीचं. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिने स्वतःच्या शहरातला ओढा घेतला होता. उगमापासून नदीला मिळेपर्यंत साडेचार किलोमीटर. ती तो तीनदा चालली : एकदा मे महिन्यात, एकदा भर पावसात आणि एकदा दिवाळीनंतर. काठावर उंबर कुठे उरलेत, भिंत कुठे आत सरकली आहे, बायका अजून धुणं कुठे धुतात, सगळं तिच्या नकाशात होतं. तीन वस्त्यांत तिने घराघरांत जाऊन विचारलं होतं की मागच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं. लोकांनी भिंतीवर हात ठेवून दाखवलं, तिने जमिनीपासून टेप लावून मोजलं आणि नकाशावर पेन्सिलीने पुराची रेघ ओढली.

परीक्षक गेले, आम्ही दोघी ड्रॉइंग्ज गुंडाळत होतो, तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, मला घरी जाऊन हेच काम करायचंय. आमच्या महापालिकेत आपल्यासाठी कुठली पोस्ट असते?"

मला उत्तर देता आलं नाही. मी ज्या महापालिकांबरोबर काम केलं, त्यांच्यापैकी एकीच्याही आकृतिबंधात हे पद मला दिसलेलं नाही. शहर अभियंता असतात, नगररचनाकार असतात, उद्यान अधीक्षक असतात. त्यांच्यातल्या कित्येकांकडून मी शिकले आहे. पण रस्ता, ओढा, झाड, मैदान आणि माणूस या सगळ्यांचा एकाच कागदावर, एकाच वेळी विचार करणारं माणूस तिथे नाही. ज्या कामासाठी आम्ही मुलांना सात-सात वर्षं तयार करतो, त्या कामाला त्यांच्याच गावात खुर्ची नाही. म्हणून हे पत्र आपल्याला.

आधी हे काम काय आहे ते सांगते, कारण 'लँडस्केप' म्हटलं की समोरच्याला हिरवळ, कारंजं आणि कुंड्या दिसतात.

माझं गाव माण तालुक्यातलं. पाऊस मोजका, तोही लहरी. वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला की वडील डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन शेताकडे निघायचे. मी मागे मागे. पाऊस थांबायच्या आत बांधावर पोचायचं, कारण पाणी चालताना दिसलं पाहिजे. कुठून आलं, कुठे तुंबलं, कुठे माती घेऊन गेलं. शेजारच्या एकाने ओघळीच्या तोंडावरच आडवा बांध घातला होता, तो दरवर्षी फुटायचा. वडील म्हणायचे, "पानी कुठनं जायचं म्हणतंय ते आधी बघ, मग बांध घाल." पुढे कॉलेजात मी कंटूर, कॅचमेंट, रनऑफ हे शब्द शिकले, तेव्हा त्यांचा अर्थ मला शोधावा लागला नाही. तो बांध डोळ्यांसमोर होता.

आजही कुठल्याही जागेवरचं आमचं पहिलं काम हेच असतं. जागेचा कंटूर सर्व्हे करून घ्यायचा, अर्ध्या अर्ध्या मीटरच्या फरकाने. चार ठिकाणी मीटरभर खोल खड्डे घेऊन पाहायचं : वर काळी माती किती, मुरूम कुठे लागतो, कातळ कुठे. असलेल्या प्रत्येक झाडाची जात, घेर आणि पसारा नोंदवायचा. दुपारी चार वाजता सावली कुठे पडते ते पाहायचं, कारण शाळा सुटलेली मुलं आणि फिरायला निघालेली म्हातारी माणसं त्याच वेळी येतात. बाई एकटी आली तर तिला वाटेच्या वळणापलीकडचं दिसेल का, जवळ स्वच्छतागृह आहे का, दिवे झाडांच्या पानांत अडकतील का, हे पाहायचं. मग उतार ठरवायचे. शंभर मीटरला एक मीटर उतार डोळ्यांना जाणवतही नाही, पण पाण्याला तो बरोबर कळतो. चाकाच्या खुर्चीसाठीचा रॅम्प बारा फुटांना एक फुटापेक्षा जास्त चढला तर खुर्चीतल्या माणसाला तो एकट्याने चढता येत नाही. झाडं कोणती हे यानंतर येतं, आणि तेही माती, पाणी, वरच्या तारा आणि खालचे पाइप पाहून.

हे शिकायला पाच वर्षांचं बी.आर्क. आणि त्यावर दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण लागतं. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये, अहमदाबादच्या सेप्टमध्ये, आपल्याकडे पुण्याच्या भानुबेन नानावटी महाविद्यालयात हे शिक्षण मिळतं. २००३ पासून आमची देशपातळीवरची संस्थाही आहे. पण १९७२ चा वास्तुविशारद कायदा नोंदणी करतो ती आर्किटेक्टची. लँडस्केपची वेगळी नोंदणी त्यात नाही. कायद्यात नाव नाही, आकृतिबंधात पद नाही, म्हणून निविदेत आमचं काम एकाच शब्दात बसवलं जातं : सुशोभीकरण.

या शब्दाने फार नुकसान केलं आहे. सुशोभीकरण म्हणजे शेवटी करायची गोष्ट. घर बांधून झालं की दारावर तोरण लावतात, तसं. पण आमचं काम पायाच्याही आधीचं आहे. १८५८ साली न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कसाठी स्पर्धा झाली, ती फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स या जोडीने जिंकली. बागेतून चार रस्ते आरपार गेलेच पाहिजेत अशी अट होती. या दोघांनी ते चारही रस्ते जमिनीच्या पातळीखाली नेले, वरून बाग अखंड ठेवली. घोडागाड्यांच्या काळात घेतलेला तो निर्णय आज मोटारींच्या काळातही त्या बागेला सांभाळतो आहे. रस्ते आधी बांधून झाले असते आणि मग या दोघांना 'जरा झाडं लावून द्या' म्हणून बोलावलं असतं, तर बागेचे पाच तुकडे झाले असते आणि जगातल्या कुठल्याही झाडांनी ते जोडले गेले नसते.

आम्हाला मात्र बहुतेक वेळा झाडं लावून द्यायलाच बोलावलं जातं.

माझ्या उमेदीच्या काळात एका शहरातल्या तलावाकाठच्या बागेचं काम माझ्याकडे आलं. मी पोचले तेव्हा कुंपणाची भिंत, कमान, खाण्याचे स्टॉल आणि काँक्रीटचे रस्ते तयार होते. उद्घाटन सतरा दिवसांवर होतं. मला सांगण्यात आलं, "मॅडम, फक्त हिरवं करून द्या." पहारीने जमीन उकरून पाहिली तर बोटभर मातीखाली राडारोडा होता : विटांचे तुकडे, फरशा, गोण्यांतलं घट्ट झालेलं सिमेंट. वर चार इंच लाल माती पसरली, हिरवळीचे तुकडे अंथरले, चौऱ्याऐंशी झाडं लावली. उद्घाटनाचे फोटो छान आले. पुढच्या मे महिन्यात मी मुद्दाम जाऊन मोजलं. एकतीस झाडं जिवंत होती. तलावाकडे जाणारं पावसाचं पाणी भिंतीने अडवल्यामुळे मागच्या वस्तीत शिरायला लागलं होतं, ते वेगळंच. तिथल्या एका आजींनी मला विचारलं, "बाई, हे तुम्हीच केलं का?" भिंत माझी नव्हती, पण बागेवर माझं नाव होतं. तेव्हा मी नाही म्हणायला हवं होतं. त्यानंतर म्हणत आले आहे, आणि त्यापायी कामं गेली आहेत.

आता रस्त्यावरचं एक झाड. तीन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या वादळात आमच्या ऑफिसजवळचा कडुनिंब आडवा झाला. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा असेल. सुदैवाने खाली कोणी नव्हतं. सकाळी मी त्याच्या बुंध्याशी बराच वेळ बसले. उघडं पडलेलं मूळ जवळून पाहिलं. निंबाची मुळं बुंध्यापासून कितीतरी मीटर लांब जायला हवीत. या निंबाची मुळं जेमतेम मीटरभराच्या चौकोनात होती, चारी बाजूंनी काटकोनात वळलेली, एकमेकांवर वेटोळे घालून बसलेली. फुटपाथ करताना बुंध्याभोवती काँक्रीटची चौकट ओतली होती आणि पेव्हर ब्लॉक अगदी सालीपर्यंत आणून भिडवले होते. रस्त्याच्या बाजूची दोन जाड मुळं सपाट कापलेली होती, जुनी जखम, काळी पडलेली. कधीतरी केबलची चर तिथून गेली होती. मी ब्लॉकखालची माती हातात घेतली. पावसाने सगळं शहर भिजलं होतं आणि ती माती कोरडी, भाजल्यासारखी होती.

दुसऱ्या दिवशी बातमी आली की वादळाने झाड पडलं. वादळ केवळ निमित्त होतं. ते झाड फुटपाथच्या ड्रॉइंगवर पडलं होतं, कित्येक वर्षं आधी.

झाडाच्या बुंध्याभोवती किमान एक मीटर जागा मोकळी ठेवा, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत बजावलं होतं. फुटपाथ कागदावर असताना हा एक मीटर सोडायला काही खर्च येत नाही. फुटपाथ झाल्यावर त्यासाठी ब्रेकर लागतो, मजूर लागतात, आणि तो ब्रेकर उरलेली मुळंही तोडतो. आधी आणि नंतर यांच्यातला फरक एवढा सरळ आहे.

आपल्याकडे झाडांसाठी कायदा आहे, १९७५ चा. २०२१ च्या दुरुस्तीने तो अधिक कडक झाला. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलं गेलं, आणि झाड तोडावं लागलं तर त्याचं जितकं वय तितकी नवी झाडं लावायची, असा नियम आला. हेतू मनापासून चांगला आहे. पण साठ वर्षांच्या एका वडाच्या बदल्यात साठ झाडं लावायची तर ती कुठे? दोन झाडांत पाच मीटर अंतर धरलं, तरी एका झाडाला पंचवीस चौरस मीटर जागा लागते. साठ झाडांना पंधराशे, म्हणजे जवळपास पंधरा गुंठे. एका वडासाठी पंधरा गुंठे शहरात कोण मोकळे ठेवतं? मग ती झाडं दोन-दोन फुटांवर टेकडीच्या कातळात खुपसली जातात, आकडा पूर्ण होतो आणि उन्हाळ्यात ट्री गार्ड तेवढे उभे राहतात. तो वड वाचवायची खरी संधी दोन वर्षं आधी होती. रस्त्याची मध्यरेषा तीन मीटर सरकवता येते का, असा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा होता. अभियंत्याला हा प्रश्न विचारायचा असतो, पण त्याच्या टेबलावर आलेल्या सर्व्हेत झाड म्हणजे नुसता एक ठिपका असतो. त्याला पसारा नसतो, वय नसतं, मुळं नसतात.

झाडापेक्षाही मोठा प्रश्न पाण्याचा आहे. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुण्याने पाहिली. कात्रजच्या डोंगराकडून येणारा आंबील ओढा रात्रीतून भरला आणि अरण्येश्वर, सहकारनगरच्या वस्त्यांत शिरला. पुण्यात आणि आसपास वीसहून अधिक माणसं गेली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदी आहे हे कित्येक मुंबईकरांना त्या दिवशी कळलं. असा पाऊस कोणी रोखू शकत नाही. पण ओढ्याला पसरायला जागा ठेवली होती का, त्याच्या काठावर माती होती की भिंत, वरच्या अंगाला पाणी मुरायला मोकळी जमीन किती उरली होती, हे सगळं माणसांनी ठरवलेलं असतं. बहुतेक वेळा ते कोणी ठरवलेलंच नसतं, एकेक परवानगी देत ते होत गेलेलं असतं.

ओढा काँक्रीटच्या पेटीत घातला की पाणी वेगाने पुढे जातं आणि खालच्या वस्तीत एकदम पोचतं. त्याला काठ, वळणं, गवत, उंबर-करंज मिळाले तर ते रेंगाळतं, मुरतं, आणि खाली थोडं थोडं पोचतं. सिंगापूरने हे करून दाखवलं आहे. तिथे बिशान भागातल्या बागेच्या कडेने कलांग नदी सरळ काँक्रीटच्या कालव्यातून वाहत होती, २.७ किलोमीटर. त्यांनी तो कालवा फोडला, नदीला बागेतून वळणं घेत जाऊ दिलं, आणि २०१२ मध्ये ती बाग नव्याने लोकांना मिळाली. एरवी मुलं पाण्यात पाय सोडून बसतात. जोराचा पाऊस आला की लोक वर सरकतात आणि बागेचा काठ नदी वापरते. तीच जमीन, दोन्ही कामं.

हे आपल्याला परकं आहे असं मात्र समजू नका. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तळ्याचं पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणलं, वाटेत हवेसाठी उच्छ्वास बांधले. पाणी आपल्या उताराने, कुठल्याही पंपाशिवाय, मैलोन्‌मैल आलं. आजची सारसबाग त्या काळी तळं होती, म्हणून तिथला गणपती अजून तळ्यातला गणपती. गावोगावच्या बारवा पाहा, वडाभोवतीचे पार पाहा. पाराची उंची बसायला बरोबर, दगडांच्या सांध्यांत माती, आत मुळांना जागा, वर सावली, आणि तिथेच गावाची बैठक. कोणा एकाने ड्रॉइंग काढलं नाही, पण जमीन वाचणारी माणसं गावात होती. शहरं वाढली, ती माणसं कामातून बाजूला झाली आणि त्यांची जागा कोणालाच दिली गेली नाही. आमचा व्यवसाय ती जागा मागतो आहे.

आजच्या काळातलं उदाहरणही घरचंच आहे. धारावीच्या कडेला, मिठीच्या काठी, एके काळी मुंबईचा कचरा टाकला जायचा. त्या कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर माती आणून, झाडं वाढवून महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभं राहिलं. सुमारे ३७ एकर. १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. मी दरवर्षी विद्यार्थ्यांना तिथे नेते. आत शिरल्यावर दहा पावलांत रस्त्याचा आवाज मावळतो आणि मुलं आपोआप हळू बोलायला लागतात. मी त्यांना एकच गोष्ट सांगते : पायाखाली कचरा आहे हे विसरू नका. ज्यांनी हे केलं त्यांनी उद्घाटनाची तारीख पाहून झाडं लावली नव्हती. मुळं धरायला आणि सावली पडायला जितकी वर्षं लागतात तितकी त्यांनी दिली.

मोठ्या कामाचीच गरज असते असंही नाही. सहा वर्षांपूर्वी एका महापालिका शाळेचं मैदान करायचं होतं. या वेळी मात्र तिथल्या अभियंत्यांनी मला कंपाउंडच्या कामाआधीच बोलावलं. शाळेचं छत बाराशे चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. म्हणजे एका संध्याकाळी साठ मिलिमीटर पाऊस झाला तर छतावरून बहात्तर हजार लिटर पाणी खाली येणार. आजवर ते फाटकातून रस्त्यावर जायचं आणि रस्ता तुंबायचा. आम्ही मैदानाच्या कडेला साडेतीनशे चौरस मीटरची जागा पाव मीटर खोल ठेवायचं ठरवलं. हिशेबाने तिथे सत्त्याऐंशी हजार लिटर पाणी मावतं. कनिष्ठ अभियंता म्हणाले, "मॅडम, शाळेत मुद्दाम पाणी साचवायचं? डास झाले तर उत्तर मी द्यायचं." त्यांची काळजी रास्त होती. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी धरून ठेवते. मग आम्ही दोघांनी मिळून चाचणी खड्डे घेतले. सव्वा मीटरवर मुरूम लागला. तिथपर्यंत दोन चरी खणून दगडगोट्यांनी भरल्या, कडेने ताम्हण, करंज आणि अर्जुन लावले.

पहिला मोठा पाऊस जुलैत झाला. त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी सातला शाळेत पोचले तर ते अभियंता माझ्याही आधी तिथे उभे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. पाणी उतरलं होतं. गवत झोपलेलं होतं आणि एका बाजूला रात्रीच्या पातळीची बारीक काडीकचऱ्याची रेघ उमटली होती. प्रार्थनेची घंटा झाली तेव्हा मुलं त्या रेघेवरून चालत होती. आज तिथला अर्जुन दोन मजल्यांच्या वर गेला आहे. त्याला सांभाळतात त्या शाळेच्या माळीकाम करणाऱ्या मावशी. पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी प्रत्येक झाडाला नावानिशी पाणी घातलं. ड्रॉइंग माझं, चरी अभियंत्यांच्या, आणि झाडं त्या मावशींची. यातलं एक जरी माणूस नसतं तरी तिथे पुन्हा पेव्हर ब्लॉक आले असते.

माझं मागणं या अनुभवातून आलेलं आहे. ते अवाजवी वाटणार नाही अशी आशा आहे.

आपल्या आकृतिबंधात लँडस्केप आर्किटेक्टचं कायम पद निर्माण करावं. मोठ्या शहरांत छोटा विभाग, लहान शहरांत निदान एक माणूस. त्या माणसाला शहर अभियंत्याच्या आणि नगररचनाकाराच्या शेजारी बसवावं, कारण तिथे रस्त्यांची, ओढ्यांची आणि मैदानांची पहिली रेघ ओढली जाते. उद्यान विभागाचं काम याने कमी होणार नाही, उलट त्यांच्या हाती रुजेल अशी जमीन येईल.

कुठल्याही रस्त्याचा, नाल्याचा किंवा मैदानाचा प्रकल्प अहवाल बनण्याआधी जागेचा एक नकाशा सक्तीचा करावा. त्यात उतार, मातीचे थर, पाण्याच्या वाटा, पुराची पातळी आणि प्रत्येक झाडाचा पसारा असावा. मी पाहिलेल्या अंदाजपत्रकांत हिरवळीला चौरस मीटरवर दर असतो, झाडाला नगावर. ओढा चालून पाहायला दर नसतो, म्हणून तो कोणी चालत नाही.

झाडांचे पैसे लावण्यासाठी नकोत, जगवण्यासाठी द्यावेत. निम्मी रक्कम लावल्यावर आणि उरलेली तीन पावसाळ्यांनंतर, जिवंत झाडं मोजून. खड्ड्यात शेणखत गेलं का, पिशवीत गोल फिरलेली मुळं सोडवली का, खोडाला करकचून बांधलेली दोरी वेळेत सैल केली का, या गोष्टी बिलावर दिसत नाहीत. झाडावर दिसतात, पण तिसऱ्या वर्षी. त्याचबरोबर पालिकेच्या रोपवाटिकांत वावळ, करंज, पांगारा, बहावा, जांभूळ, उंबर ही आपली झाडं माणसाच्या उंचीची होईपर्यंत वाढवावीत. झटपट वाढतं म्हणून आपल्याकडे कोनोकार्पस सगळीकडे लावला गेला; गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

आणि माळीकाम करणाऱ्यांना कायम नोकरी आणि प्रशिक्षण मिळावं. ठेका दर अकरा महिन्यांनी बदलला की झाडाला ओळखणारं माणूसही बदलतं.

पैशांचा प्रश्न आपण विचाराल, आणि तो विचारायलाच हवा. यातल्या बहुतेक गोष्टींना नवा निधी लागत नाही, खर्चाचा क्रम बदलावा लागतो. लेव्हल कागदावर चुकली तर खोडरबरने पुसता येते. जागेवर चुकली तर तीच फोडून पुन्हा ओतावी लागते. तोडलेल्या प्रत्येक फुटपाथमध्ये, दर पावसाळ्यात वस्तीतून पाणी उपसणाऱ्या प्रत्येक पंपात आणि पुन्हा पुन्हा लावलेल्या त्याच त्या झाडात हा पैसा आजही जातोच आहे.

आपली बदली दोन-तीन वर्षांत होते हे मी जाणते. अर्जुनाला सावली धरायला दहा वर्षं लागतात. म्हणजे आपण जे लावाल त्याच्या सावलीत आपण बहुधा बसणार नाही. आमच्या व्यवसायात हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं. पहिल्या वर्गात मी विद्यार्थ्यांना सांगते, ज्या माणसासाठी तुम्ही ही बाग आखता, ते अजून जन्मलेलं नाही. काही मुलं ते ऐकून दुसरा विषय निवडतात. जी राहतात, ती फार चांगली असतात. त्यांना आपापल्या शहरात काम द्या, एवढंच माझं म्हणणं आहे.

माझी ती विद्यार्थिनी सध्या मुंबईत एका टॉवरच्या सातव्या मजल्यावरच्या बागेची ड्रॉइंग्ज करते. खाली पार्किंग, वर दोन फूट माती. काम ती मन लावून करते, आणि त्यातही शिकण्यासारखं पुष्कळ आहे. पण तिच्या ओढ्याचे बारा कागद माझ्या कपाटात आहेत. जाताना ती म्हणाली, "मॅडम, कोणी मागितले तर द्या."

आपल्यापैकी एका शहराचा तो ओढा आहे. आपण मागितलेत तर ते कागद घेऊन मी स्वतः येईन, आणि तिलाही घेऊन येईन. पहिला मोठा पाऊस झाला की तासभर आपण तिघांनी त्या काठाने चालावं. तीन वस्त्यांतल्या भिंतींवरून मोजलेली ती पेन्सिलीची रेघ तिथे उभं राहून पाहावी, आणि मग ओढ्याच्या पुढच्या प्रकल्प अहवालात ती पहिल्या पानावर घ्यावी. भिंतीचं एस्टिमेट त्यानंतर करता येईल.

आपली,
एक लँडस्केप आर्किटेक्ट